टोबायसची अकरा एकरं

कोर्टाच्या पायरीवर पाय ठेवताना व्हर्लीननं मनातल्या मनात पणजोबांची माफी मागितली. गॅड्सडन घराण्यातलं कुणी आजवर आपल्या पायानं इथं आलं नव्हतं.

पणजोबा टोबायस जन्मानं गुलाम. सुटल्यावर त्यानं कॅरोलायनाच्या किनाऱ्याला, खाडीला लागून अकरा एकरं घेतली, ती कलिंगडं विकून. कलिंगडं म्हणे एवढाली, की एकदा त्याची शेळी हरवली ती थंडी सरल्यावर कलिंगडातून बाहेर आली, बरोबर दोन पिल्लं घेऊन. शेळीचं खोटं धरा हवं तर, जमीन खरी होती. मृत्युपत्र मात्र त्यानं केलं नाही. कागद घेऊन कोर्टात गेलेला काळा माणूस जमीन तिथंच ठेवून परत येतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. जमीन सगळ्यांची, कागद कुणाचाच नाही, असं तो सांगून गेला आणि पुढच्यांनी ते इमानानं पाळलं.

घोळ तिथंच झाला. सगळ्यांची म्हणजे आता साठ-सत्तर वारसांची. त्यातल्या फिलाडेल्फियाच्या एका चुलतभावानं, ज्यानं ही खाडी कधी पाहिलीसुद्धा नव्हती, आपला हिस्सा हॉटेलं बांधणाऱ्या कंपनीला विकला. कंपनी कोर्टात गेली. म्हणाली, एवढ्या जमिनीचे इतके तुकडे पडत नाहीत, सगळीच लिलावात काढा. कोर्ट हो म्हणालं. व्हर्लीन कर्जाला गेली तर बँक म्हणाली, जमीन तुमच्या एकटीच्या नावावर कुठाय? मग शाळेत चाळीस वर्षं स्वयंपाक करून साठवलेलं आणि चर्चमधल्या बायकांनी दिलेलं, तेवढं घेऊन ती आली.

"आत्या, तो निळ्या कोटातला कंपनीचा," भाची लुटिशा कुजबुजली. "जरा दमानं घे."

"चारशे पोरं रांगेत उभी करायचे मी. हा तर एकटाच आहे."

लिलाव पायऱ्यांवरच झाला. व्हर्लीनचा हात वर गेला की निळा कोट एक बोट उचलायचा, माशी वारावी तसं. तिच्याकडे बघायचाही नाही. पाच वेळा तिचा हात वर गेला. सहाव्यांदा गेला नाही.

लुटिशा रडायला लागली. निळा कोट जवळ आला. सामान हलवायला महिनाभर देऊ, तुमच्या हिश्शाचे पैसेही मिळतील, असं अगदी अदबीनं म्हणाला.

"माझा हिस्सा मोजलात, बाळा," व्हर्लीन म्हणाली. "आईबाप तिथंच पुरलेत माझे. त्यांचा कसा मोजलात?"



व्हर्लीन वळली ती इमारतीत शिरली. लुटिशाला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. व्हर्लीन कारकुनाच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाली, मृत्युपत्र करायचंय. आतल्या मुलीनं सांगितलं, वकील नसला तरी चालेल, लिहा आणि दोन साक्षीदारांसमोर सही करा. मग सहज विचारलं, "मालमत्ता काय आहे?"

"एक लोखंडी कढई. खेकडे धरायची होडी. गळते ती, तेही लिहिते, नाहीतर माझ्या माघारी फसवलं म्हणायचे."

तिनं चष्मा लावला, कागद फळीवर पसरला आणि ठळक अक्षरात लुटिशाचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. मागं रांग वाढत गेली. कुणीतरी खाकरलं. व्हर्लीननं कोपर आणखी पसरलं आणि पुढची ओळ सुरू केली.