जप्तीच्या नोटिशीतली गिरणी

मित्रांनो, माझ्याशी बोलायचं तर जरा मोठ्यानं बोला. आयुष्यभर पट्ट्याच्या खडखडाटात राहिलेली मी पिठाची जुनी गिरणी आहे. इंदापूरच्या एका गल्लीत, पत्र्याच्या गाळ्यात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कोल्हापूरचा. इब्राहिमचाचांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इथं आणलं. माझे दगड गुळगुळीत झाले की ते स्वतः छिन्नीनं त्यांना टाकी लावत. ज्वारी, बाजरी, गहू, जे येईल ते मी दळलं. "चाचांच्या गिरणीचं पीठ लई मऊ," असं बायका म्हणायच्या, तेव्हा अंगातला शीण निघून जायचा. गाळ्याचा कर चाचा दरवर्षी न चुकता भरत.

चाचा वारले. मुलगा शाहिद रोज मोटारसायकलवरून बारामतीला कंपनीत कामाला जायचा, म्हणून सून करिमा मला चालवू लागली. गाळा मात्र चाचांच्याच नावावर राहिला. कराची बिलं त्यांच्या नावानं येत राहिली, मग नोटिसा येऊ लागल्या. "अब्बा तर गेलं, आता कर कुणाकडं मागत्यात?" असं म्हणून करिमा ती पाकिटं न उघडताच फळीवर टाकायची. ती कामचुकार नव्हती, मित्रांनो. तिला त्या पाकिटांची भीती वाटायची.

एके दिवशी नगरपरिषदेचे दोन कर्मचारी आले. त्यांनी दारावर जप्तीपूर्व नोटीस चिकटवली आणि माझ्या मोटारीचा नंबर लिहून घेतला. कर भरला नाही तर मला उचलून नेणार होते. ते गेल्यावर करिमानं शटर ओढलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ती सांगू लागली, "मोटार जळलीय." मी धडधाकट असून अंधारात उभी राहिले. दगडांत उरलेल्या पिठाला कुबट वास सुटला.

शेजारच्या जयवंताकाकूंना मात्र ते पटेना. बाजरीचा डबा घेऊन त्या आत शिरल्या.

"करिमा, खरं सांग, काय झालंय?"

करिमाला रडू फुटलं. "काकू, गिरणी नेनार हायत. एवढं पैसं कुठनं आणू?"

"नोटीस वाचलीस का?"

"न्हाय. आकडा बघितला आन् शटर ओढलं."

काकूंनी दारावरची नोटीस अलगद सोडवली. दोघींनी खाली बसून ती ओळीओळीनं वाचली. गाळ्याच्या मोजमापाशी येताच करिमा थबकली.

"काकू, ह्यात मागची खोली धरलीय! ती तर अब्बा असतानाच पडली. आता तितं नुसता दगडमातीचा ढीग हाय."

"मग हितं बघ, हरकत असंल तर मुदतीत लेखी कळवा म्हनत्यात. ऊठ, शाहिदला फोन लाव."

शाहिदनं सुट्टी काढली. तो आणि करिमा नगरपरिषदेच्या कार्यालयात गेली. तिथले कारकून मोहनराव काय म्हणाले, ते करिमानं परतल्यावर काकूंना सांगितलं. "खोली पडली हे तुमी कळवलंच न्हाय, तर आमाला कसं कळनार? अर्ज द्या, पोच घ्या. मानूस येऊन मोजून जाईल."

माणूस आला, मोजून गेला. पडलेल्या खोलीचा कर कमी झाला. बाकीचा कर आणि उशिराचा दंड मात्र भरावाच लागला. त्यासाठी शाहिदनं मोटारसायकल विकली. गाळाही दोघांच्या नावावर झाला.

माझा पट्टा पुन्हा फिरू लागला. पण शटर बंद होतं तेव्हा गिऱ्हाइकं चौकातल्या नव्या गिरणीकडं वळली होती. थोडी परतली, बरीच तिकडंच राहिली. आता दुपारभर मी नुसती उभी असते. काम करून येणाऱ्या थकव्यापेक्षा हा थकवा जड असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी असं पाकीट आलं, तर ते गेलेल्या माणसाच्या नावाचं असलं तरी मोठ्यांना उघडायला सांगा. कळलं नाही तर कार्यालयात जाऊन विचारायला सांगा. पटलं नाही तर लिहून द्यायला सांगा. खरं देणं असेल, तर ते वाढायच्या आत भरून टाकायला सांगा. घाबरायला होतंच, पण घाबरलेल्या माणसालाही वाचता येतं.

रोज सकाळी शाहिद एसटी गाठायला पायी निघतो. तो वळणाआड जाईपर्यंत करिमा दारातून बघत राहते. मग आत येऊन माझं बटण दाबते, आणि मी पुन्हा सुरू होते.