समजण्यात येईल

दीक्षाच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेले नाही, हे भगवंतरावांना आठवले तेव्हा कॅप्टन कुलदीपचा कचोरीने तेलकट झालेला हात त्यांच्या खांद्यावर होता.

"तायडेसाहेब, काय भाषांतर केलं तुम्ही! चौदावं कलम तर असं बसलं आहे, की वाचताना माणूस कुठे अडतच नाही." कुलदीपने तोंडातला घास गालात सारला होता. "'स्वेच्छेने.' एकच शब्द, पण काम करून गेला."

भगवंतरावांनी मान हलवली. खांदा काढून घ्यावा असे त्यांना वाटले, पण ते उद्धटपणाचे दिसेल, म्हणून हात उचलला जाण्याची वाट पाहत ते उभे राहिले. तो शब्द सापडला तेव्हा त्यांना खरोखर आनंद झाला होता. 'स्वखुशीने' की 'स्वेच्छेने', यावर एक अख्खी दुपार गेली होती. आता दुसऱ्याच्या तोंडून, तेही भरल्या तोंडून, तो ऐकताना त्यांना कसेसेच झाले.

बडनेरा रस्त्यावरच्या त्या हॉटेलात सभेला चहाची सुट्टी झाली होती. अमरावतीहून छोटी विमाने चालवणाऱ्या एका कंपनीच्या कर्मचारी संघटनेची ही सभा. कंपनीने नवा करार पुढे केला होता. वैमानिकांना आजवर मिळणारा महिन्याचा पगार बंद, आणि जितके तास विमान उडेल तितक्याच तासांचे पैसे. येत्या रविवारी मतदान होते. संघटना सुरू झाली तेव्हापासून सामान चढवणारे, झाडझूड करणारे सगळे तिच्यात होते आणि सगळ्यांना मत होते. म्हणून करार मराठीत वाचून दाखवायचा, असा नियमच होता. अकोल्याच्या कोर्टात अनुवादक म्हणून निवृत्त झालेल्या भगवंतरावांना संघटनेचा अध्यक्ष असलेल्या कुलदीपने त्यासाठीच बोलावले होते.

"आपल्यात राहू द्या," कुलदीप आवाज उतरवून म्हणाला, "पण सीनियर लोकांचं यात काही बिघडत नाही. आमच्या तासांची हमी कंपनीने वेगळी दिली आहे. ते काही तुम्हाला वाचायचं नाही."

"वेगळी म्हणजे?"

"वेगळी म्हणजे वेगळी. प्रश्न या नव्या पोरापोरींचा आहे. आता या पोरीच घ्या. उडायला शिकतात, लग्न करतात, मग वर्ष-वर्ष घरी. आणि त्यांचा पगार कंपनीने काढायचा? आपल्या वाट्यातूनच जातो ना तो शेवटी!"

तो हसला, कागदी रुमालाने ओठ पुसले, आणि रुमालाचा बोळा भगवंतरावांच्या हातातल्या बशीत टाकून पुढे गेला.

बोळ्याने बशीतला चहा पिऊन घेतला आणि तो हळूहळू फुगला. भगवंतरावांनी कप तसाच टेबलावर ठेवला.

दीक्षा ही संघपालची मुलगी. संघपाल कोर्टात बेलिफ होता, भगवंतरावांचा एकुलता एक मित्र. दर सुट्टीत तो लेकीला बाळापूरहून घेऊन यायचा आणि ती भगवंतरावांच्या पुस्तकांच्या खोलीत दिवसभर पालथी पडून वाचायची. आता संघपाल नव्हता, आणि दीक्षा याच कंपनीत सहवैमानिक होती. भाषांतराचे काम हाती घेतले आणि त्याच आठवड्यात तिचे पत्र आले होते. फोनवर लिहिलेले काहीही ग्रुपवर फिरते म्हणून कागदावर लिहिते आहे, असे तिने सुरुवातीलाच म्हटले होते.

'काका, चौदावं कलम इंग्रजीत दहादा वाचलं. त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगाल का? मी माझ्यासाठी विचारते आहे. मला दिवस गेले आहेत. कंपनीत अजून कोणाला माहीत नाही. करार पास होणार असेल तर मला आत्ताच काहीतरी ठरवावं लागेल. हे पत्र कोणाला दाखवू नका.'

उत्तर लिहायला ते अनेकदा बसले. मायना लिहून झाला की थांबायचे. अनुवादकाने वाक्य द्यायचे असते, अर्थ सांगत बसायचे नसते, असे त्यांनी नोकरीभर पाळले होते. शिवाय आपले चुकले तर? आपण वकील थोडेच आहोत? ही कारणे खरी होती. ती इतकी सोयीची होती, याची मात्र त्यांना हळूहळू किळस येऊ लागली होती.

सभा पुन्हा सुरू झाली. मनोज नावाचा एक तरुण वैमानिक उठला.

"मले एक सांगा, कॅप्टन. इमान तयार, प्रवासी बसलेले, आमी बसलेलो, आन मुंबई म्हणते थांबा, जागा नाही. घंटा-घंटा थांबतो आमी. तो वेळ कोणाचा?"

"उडाला का तू त्या वेळात?"

"नाही उडालो. पण घरी तरी होतो का?"

हॉलमध्ये हशा झाला. मनोजला जोर आला.

"माझा बाप बडनेऱ्याले गार्ड होता. गाडी सिग्नलले उभी राह्यली म्हणून त्याचा पगार कोणी कापला नाही."

"तुझा बाप सरकारचा जावई होता, मनोज. इथं चाकाखालचे ठोकळे निघाले की मीटर चालू, ठोकळे लागले की बंद. जो उडेल तो कमवेल. ज्याला बसून खायचं आहे, त्याने बँकेत लागावं."

मागच्या रांगेतून सामान चढवणाऱ्यांचा म्होरक्या सहदेव ओरडला, "म्हंजे सायेबलोकबी आता आमच्यावानी रोजंदारच झाले म्हना!"

आता मागच्या सगळ्या रांगा हसल्या. कुलदीपही हसला.

"सहदेवभाऊ, या करारात तुमचा पगार वाढून राहिला ना? मग तुम्ही काहून बोलून राहिले?"

"नाही, तसं नाही सायेब. गंमत केली." सहदेव खाली बसला. त्याच्या शेजारी बसलेली जमुनाबाई, विमाने झाडणारी, त्याला कोपराने ढोसत काहीतरी पुटपुटली. तो पुन्हा हसला नाही.

मग भगवंतराव उठले. त्यांचा आवाज बारीक होता आणि चारचौघांत तो आणखी बारीक व्हायचा. पण वाचायला लागले की तो थरथरत नसे. वाक्ये त्यांना धरून ठेवीत. थांबण्याचा वेळ 'विश्रांती म्हणून गणण्यात येईल', हे कलम गेले. त्यापुढची गेली. चौदावे आले.

"वैद्यकीय कारणाने, गर्भावस्थेसह, उड्डाणास अपात्र ठरलेला सभासद त्या काळात स्वेच्छेने उड्डाणापासून दूर राहिल्याचे समजण्यात येईल, व त्यानुसार त्याची सेवाज्येष्ठता नव्याने निश्चित करण्यात येईल."

कोणी वर पाहिले नाही. वाक्य कुठेही अडले नाही. पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसे ते हॉलभर पसरले. जमुनाबाईने जांभई दिली. सहदेव मान डोलावत होता. त्याच्या पगारवाढीचे कलम अजून पुढे होते.

"साहेब, एक विचारायचं आहे."

दीक्षा उभी होती. ड्यूटीवरून तशीच आली असावी. पांढऱ्या शर्टवर काळ्या पट्ट्या होत्या. तिने 'काका' म्हटले नाही, हे आधी भगवंतरावांच्या लक्षात आले. प्रश्न त्यानंतर ऐकू आला.

"'समजण्यात येईल' म्हणजे कोण समजणार?"

पंखे फिरत होते. कुलदीपने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि भगवंतरावांकडे पाहून स्मित केले. आपल्या माणसाकडे पाहून करतात तसे.

भगवंतरावांना उत्तर माहीत होते. ते अगदी सोपे होते.

"ती कायद्याची भाषा आहे," ते म्हणाले. "तसंच लिहितात."

"बरं," दीक्षा म्हणाली आणि बसली. मांडीवरची पिशवी तिने पोटाशी ओढून घेतली.

सभा संपल्यावर ती फाटकाजवळ स्कूटर काढताना भेटली.

"काका, बडनेऱ्याले सोडून देऊ?"

"नको, ऑटो मिळते. तू दमली असशील."

"माझं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं."

"मग ठीक आहे. मले वाटलं हरवलं." तिने हेल्मेटचा पट्टा लावला. "वेळ नसेल मिळाला तुमाले."

टोमणा नव्हता तो. तिच्या आवाजात राग शोधण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो सापडला नाही. वेळ सोडून ज्याच्याकडे दुसरे काहीच उरलेले नाही अशा म्हाताऱ्याची ती समजूत काढत होती.

अकोल्याला येईपर्यंत गाडीत त्यांनी मांडीवरची फाइल उघडली नाही. समोरच्या बाकावरच्या माणसाने कचोरीचा पुडा सोडला तेव्हा ते उठून दारापाशी जाऊन उभे राहिले.

घरी माणिकबाईंनी शर्ट धुवायला घेतला आणि मोरीतून हाक मारली.

"अवं, खांद्यावर हे काय लावून आणलं?"

"एकाचा हात लागला."

"आन तुमी लावू देला?"

माणिकबाईंनी डागावर साबण घासला, पाणी ओतले, पुन्हा घासला. "निघून नाही राह्यलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पाचही बोटं उमटवेपर्यंत गुमान उभे होते वाटते."

भगवंतराव पुस्तकांच्या खोलीत गेले. अंतिम प्रत द्यायची होती. चौदाव्याला हात लावू नका, असे कुलदीपने निघताना दोनदा सांगितले होते. त्यांनी ते पान समोर घेतले. अक्षर सुरेख होते. खाडाखोड नव्हती. एखाद्या आरोपीचे वाक्य असो की एखाद्या मालकाचे, ते मराठीत आणताना त्यातला माणूस पुसून टाकायचा, म्हणजे कागद स्वच्छ दिसतो. करण्यात आले. देण्यात येईल. समजण्यात येईल. वरिष्ठ याचेच कौतुक करीत. भगवंतरावांनी ओळीवरून बोट फिरवले आणि मग नकळत ते बोट धोतराला पुसले.

त्यांनी कोरा कागद घेतला. मायन्यापाशी या वेळी ते थांबले नाहीत.

'चि. दीक्षा,

तू विचारलेलं चौदावं कलम असं आहे. एखादी वैमानिक आई होणार असली, की डॉक्टर तिला उडू देणार नाही. कंपनी म्हणेल, की तिने स्वतःच्या मर्जीने उडायचं सोडलं. मग कंपनी तिला पैसे देणार नाही, आणि परत येईल तेव्हा रांगेत सगळ्यांच्या मागे उभं करेल. समजणारी कंपनी आहे. ते खरं नाही, हे कंपनीला माहीत आहे.

वाट पाहत विमानात बसलेल्या मनोजलाही कंपनी म्हणेल, तू आराम करत होतास.

कॅप्टन कुलदीप आणि इतर वरिष्ठांना मात्र कंपनीने तासांची हमी वेगळी दिली आहे. हे कॅप्टन कुलदीप यांनी आज मला तोंडाने सांगितलं.

हे सगळं मराठीत सांगता येत होतं. मी सांगितलं नाही. तुझा प्रश्न बरोबर होता.'

एवढे लिहून ते थांबले. मग कपाटातून दीक्षाचे पत्र काढून त्यांनी त्याची शेवटची ओळ वाचली. पुन्हा टेबलाशी येऊन त्यांनी आपल्या पत्राखाली लिहिले :

'तुझं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. हे पत्र तू कोणालाही दाखव. सहदेवला आणि जमुनाबाईंना वाचून दाखव. मोठ्याने वाच.

काका'

सकाळी भगवंतराव चप्पल घालत असताना माणिकबाईंनी विचारले, "कोणाले पत्र?"

"संघपालच्या दीक्षाले."

"मंग इतके दिवस काहून लागले?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता दोरीवरच्या शर्टाकडे वळल्या. खांद्यावरचा डाग वाळल्यावर जास्तच उठून दिसत होता.

पोस्टातल्या खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. भगवंतरावांनी पाकीट पुढे सरकवले.

"रविवारच्या आत अमरावतीला जाईल का?"

"स्पीड पोस्ट करा ना आजोबा. उद्या-परवा मिळून जाते."

तिने पाकीट वजनावर ठेवले, पत्ता यंत्रात भरायला घेतला आणि थांबली. पाकीट उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले.

"इथं पाठवणारा कोण ते लिहिलंच नाही तुमी."

"लिहायलाच पाहिजे का?"

"त्याशिवाय जात नाही, आजोबा."

तिने पाकीट खिडकीतून परत केले. मागे रांग होती. भगवंतराव जरा बाजूला झाले, खिशातले पेन काढले आणि कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेत सावकाश, ठळक अक्षरांत लिहिले : भगवंत तुळशीराम तायडे, अकोला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पाकीट पुन्हा आत सरकवले.

तिने त्यावर शिक्का मारला.