आरशातला कप्तान

"ही बाई पोट धरून का बसली आहे?" संपादकाने विचारलं.

टेबलावर चित्रकाराने काढलेली कॉमिकची पानं पसरलेली होती. चित्रपट कंपनीने निरोप धाडला होता की नायिकेचं काहीतरी चुकलंय, दुरुस्त करून द्या. आदल्या दिवशी संपादकाला चित्रपट दाखवला होता. त्यातली नायिका अंतराळयानाचा मार्ग आखणारी होती आणि सगळा वेळ ताठ मानेने पळापळ करत होती. इथे मात्र नवव्या पानापासून तिचा उजवा हात कमरेच्या वर, बरगडीखाली दाबलेला होता. कुठे नकाशावर वाकलेली, कुठे शिडी चढणारी, कुठे नुसती खिडकीबाहेर बघणारी, पण हात आपला तिथेच.

"पट्ट्यावर ठेवलाय हात," चित्रकार म्हणाला.

"पट्टा खाली आहे हो. कंपनीचा माणूस मला विचारतो, बाईला यान लागतं की काय? मी काय सांगू?" संपादक हसला आणि मग एकदम थांबला. चित्रकाराची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते, हे त्याला आठवलं असावं. "बघा जमेल तसं. परवा सकाळी पानं छापखान्यात जायला हवीत. चित्रपट लागला त्या दिवशी पुस्तक दुकानात नसलं, तर मग रद्दीच."

चित्रकार पानं बगलेत मारून घरी निघाला.

या धंद्यात चित्रपट बघून कॉमिक काढता येत नाही. चित्रपट तयार होतो तोवर पुस्तक छापून बसलेलं असावं लागतं. कंपनी पटकथा पाठवते, सोबत यानाचे चार फोटो आणि नटाचा एखादा. बाकीचं तुमच्या डोक्यातून. या वेळी तर नायिकाही ठरलेली नव्हती. 'कुठलीही तरुण बाई काढा' असं कळवलं होतं. मुलगी दिवसभर कामावर असायची. घरी उरायची ती एकटी बायको, आणि ती काही तरुण नव्हती. चित्रकाराने तिलाच उभं केलं.

तिला यात मजा वाटायची. छताच्या दिव्याचा काचेचा गोळा डोक्यावर, अंगात जाड रजईचा कोट, खांद्यावर हवा भरायच्या पंपाची नळी. "बाकीचे नवरे चंद्रावर नेतो म्हणून नुसत्या थापा मारतात," ती गोळ्याच्या आतून म्हणायची, "तुम्ही खरंच नेलंत. पण श्वास घ्यायचं तेवढं बघा." अजून कुणी माणूस चंद्रावर गेलेला नव्हता. त्यामुळे तिथे काय घालतात हे सांगायला कुणी येणार नव्हतं.

कप्तानासाठी चित्रकार स्वतःच आरशासमोर बसायचा.

पुढे चित्रपट रखडला आणि पुस्तकही रखडलं. पानं कपाटात पडून राहिली. बायकोला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. त्यानंतर घरी जो कुणी भेटायला आला त्याला चित्रकाराने एकच गोष्ट सांगितली की काही कळलंच नाही, दुखत असल्याचं एक चिन्ह नव्हतं. लोक मान हलवायचे. ते सांगितलं की त्यालाही थोडं बरं वाटायचं. झोप तेवढ्यावरच लागत होती.

आता त्याने पानं जेवायच्या टेबलावर ओळीने मांडली. आठव्या पानावर हात मोकळा होता. नवव्यावर नुसता टेकलेला. बाराव्यावर बोटं रुतलेली. विसाव्यानंतर तर उजवा खांदाही खाली आलेला होता. सगळं त्याच्याच हातचं होतं, आणि चांगलं उतरलं होतं. कोटाच्या घड्या बोटांखाली कशा दबतात, तेसुद्धा त्याने नीट बघून काढलं होतं.

मुलगी कामावरून आली. ती टेलिफोन कचेरीत होती. दिवसभर कानांवर हेडफोन बांधलेले, म्हणून घरी आल्यावर जरा मोठ्याने बोलायची.

"हे परत कशाला काढलंत?"

"इकडे ये. आईचा हात बघ."

तिने बघितलं. पर्स खांद्यावरून उतरवायची राहूनच गेली.

"तिला तेव्हापासून दुखत होतं?" चित्रकाराने विचारलं.

"उभं राहून राहून कळ येते म्हणायची. मी म्हटलं दाखवून ये. तर म्हणाली, यांचं पुस्तक होऊ दे."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, बाबा." मुलगी आता हळू बोलत होती. "तुम्ही तर काढत होतात."

ती आत गेली, आणि बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं.

काम तसं सोपं होतं. पांढऱ्या रंगाने हात पुसायचा, वर कोटाच्या दोन रेघा ओढायच्या, आणि नवा हात नकाशावर नाहीतर कठड्यावर ठेवायचा. आयुष्यभर त्याने असल्या दुरुस्त्या डोळे मिटून केल्या होत्या. नवव्या पानावरचा हात त्याने रंगाखाली घातला. रंग वाळला. कोट सपाट झाला, आणि बाई अगदी ठणठणीत दिसायला लागली. हे असंच छापून आलं, तर खरंच एकही चिन्ह राहणार नव्हतं. मग त्याने जे सगळ्यांना सांगितलं होतं ते खरं ठरलं असतं.

तो त्या चौकटीकडे बघत बसला. मग त्याने पातं घेतलं आणि वाळलेला रंग खरवडून काढला. खालची शाई थोडी उडाली. ती त्याने बारीक ब्रशने पुन्हा भरली, एकेक बोट.

तेव्हा त्याचं लक्ष कप्तानाकडे गेलं. प्रत्येक चौकटीत कप्तान समोर बघत होता. बाई शेजारी वाकलेली, आणि हा आपला समोर. पटकथेत लिहिलं होतं की त्याची नजर यंत्रांच्या काट्यांवर आहे, पण कारण ते नव्हतं. आरशात बघून स्वतःला काढणारा माणूस स्वतःकडेच बघतो. मान वळवली की आरसा सुटतो. पुस्तकभर हा मनुष्य स्वतःचं तोंड बघत बसला होता.

"जरा बाहेर ये गं," त्याने हाक मारली. "न्हाणीघरातला आरसा घेऊन ये."

मुलगी डोळे पुसत आली. त्याने तिला कपाटाच्या आरशापाशी उभं केलं, हातातला आरसा तिरका धरायला लावला. "आणखी डावीकडे. वर. हं, आता मी तिकडे बघतो, तरी मला मी दिसतो."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"ती उभी राहायची तिथे."

खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिच्यावर धुतलेले कपडे पडलेले. तो तिकडे बघत राहिला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून कागदावर काढत राहिला. मुलीचे हात भरून आले, तिने आरसा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. जे डोकं कागदावर आलं ते कप्तानासारखं नव्हतं. ते भ्यायलेलं होतं. त्याने ते कापलं, गोंद लावून बाराव्या पानावर जुन्या डोक्याच्या जागी चिकटवलं. बाईच्या हाताला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी संपादकाने पान उलटसुलट करून बघितलं.

"अहो, हात तर तसाच आहे."

"तसाच राहू दे."

"आणि कप्तान घाबरलाय! चित्रपटात हा धूमकेतूसमोर शिट्टी वाजवतो."

"पुस्तकात घाबरतो. तिला दुखतंय, आणि त्याला आत्ता दिसलं."

"पटकथेत कुठे आहे हे?"

"नाही. हात पुसायचा असेल तर दुसऱ्या कुणाला द्या. मी पुसणार नाही. मला माझे पैसेही नकोत."

संपादक चिडला, खोलीत दोन फेऱ्या मारून आला. कोपऱ्यात चित्रांतल्या संवादाच्या फुग्यांतली अक्षरं लिहिणारा म्हातारा बसला होता. चित्रकाराचा जुना दोस्त. तो मान वर न करता म्हणाला, "अरे, एक फुगा टाकला की भागलं. त्याने विचारायचं, तिने सांगायचं. उड्डाणाच्या वेळी आपटली म्हणून. कंपनीवाले धूमकेतू बघतील, फुगे कोण वाचतंय!"

संपादकाने हात उडवला. "करा काय ते. पण आपटली म्हणून गोष्ट थांबायची नाही. पुढच्या पानावर यान उतरलंच पाहिजे."

"उतरेल," चित्रकार म्हणाला.

म्हाताऱ्याने टाक बुडवला. "बोल. त्याच्या तोंडी काय घालू?"

"दुखतंय का."

"एवढंच? बरं. आणि ती? आपटले, असं?"

"नाही. ती म्हणेल, काही नाही."

म्हाताऱ्याने टाक दौतीवर टेकवला. "मग अर्थ काय राहिला विचारण्यात? ती काही नाही म्हणाली, की हा लागला यान उतरवायला."

"हो," चित्रकार म्हणाला. रात्रभर तो इथवरच येऊन अडला होता. विचारलं असतं तर ती हेच म्हणाली असती, आणि ते ऐकून त्याने पुढचं पान घेतलं असतं. की नसतं घेतलं? डोकं बदलून चिकटवलं, तरी तेवढं त्याला कळलं नव्हतं.

म्हाताऱ्याने पहिला फुगा लिहिला. मग दुसरा आखला, आणि त्यात पेन्सिलीने 'काही नाही' अशी अक्षरं बसवली, नेहमीच्याच मापाची, ठसठशीत. शाई लावायच्या आधी चित्रकाराने त्याचा हात धरला.

"बारीक कर," तो म्हणाला. "आणखी बारीक. एवढ्या मोठ्याने नाही म्हणायची ती."