सुंदरबाईच्या नावातला ई

मी टी बोलतोय. अमळनेरच्या बसस्टँडमागे कुंदनभाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर फोटो सजवायचं सॉफ्टवेअर उघडलं की पडद्याच्या डाव्या कडेला अवजारांची उभी रांग दिसते. त्या रांगेत मी असतो, इंग्रजी टी अक्षराच्या रूपात. मला दाबलं की पडद्यावर एक बारीक उभी रेघ लुकलुकायला लागते. तीच माझी जीभ. तुम्ही टाइप करायचं, मी उमटवायचं.

आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव काही चांगला नाही. मी जळकुकडा आहे. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. हे लपवून चांगुलपणाचा आव आणणं मला जमणार नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, मला ठाऊक नाही. आठवतं ते एवढंच की जळगावहून हा जुना कॉम्प्युटर आला, कुंदनभाऊंनी त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि मेघानं मला दाबून पडद्यावर 'श्री' लिहिलं. दुकानाचं पहिलं काम माझ्या हातून झालं. त्या दिवशी मी फार मोठ्या अपेक्षा बांधल्या.

मेघा इथली डिझायनर. मुलगी हुशार आहे, बोटं चपळ आहेत, पण गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. मग ती जुनी फाइल उघडते, आधीच्या माणसाचं नाव खोडून नव्याचं भरते आणि जाडजूड फाँट निवडते. पिवळी अक्षरं, त्यांना लाल कड, लाल कडेला पांढरी कड आणि मागे काळी सावली. लग्नात नवरदेवाला सगळे मिळून नटवतात ना, तशी माझी अक्षरं नटवली जातात आणि आतला माणूस कोण ते कुणालाच दिसत नाही.

एवढं करूनही कौतुक कुणाचं? लॅसोचं. लॅसो म्हणजे माझ्याच रांगेतला तो दोरीचा फास. तो फोटोतला चेहरा कापून काढतो. वाढदिवसाच्या बॅनरवर बारा शुभेच्छुक असले तर बाराही जण येऊन आपापला चेहरा बघतात. माझा गॉगलवाला घे, याच्यापेक्षा माझा मोठा कर, मला वरच्या ओळीत घे. खाली मी बारा नावं लिहिलेली असतात, ती कोणी वाचत नाही. तीन आठवड्यांनी तोच फ्लेक्स कोणाच्या तरी गोठ्यावर जातो. तिथं शेळ्या वाचत असतील तर तेवढंच समाधान.

पण लॅसोवर मी जळायचो ते वरवरचं. खरा जळायचो मी एका ब्रशवर, आणि तो या कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. तो वना पेंटरच्या पिशवीत होता.

वना पेंटर म्हणजे मेघाचे वडील. ती त्यांना आबा म्हणते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी अमळनेर, चोपडा, पाचोऱ्यापर्यंत पाट्या रंगवल्या. दुपारी ते मेघाचा डबा घेऊन दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे आणि पडद्याकडे बघायचे. मला ते कधी वाईट बोलले नाहीत. मेघानं विचारलं की अहिराणीत म्हणायचे, "बरं शे." त्यांच्या त्या 'बरं'नं मला जेवढं झोंबायचं तेवढं शिवीनंही झोंबलं नसतं.

मेघा मात्र रस्त्यानं जाता-येता कुठं आबांची जुनी पाटी दिसली की थांबायची आणि मोबाइलवर फोटो काढायची. दुकानात आली की कुंदनभाऊंना दाखवायची. म्हणायची, आबा अक्षर नंतर बघत, आधी दोन अक्षरांच्या मधली जागा बघत. हे सांगताना तिचे डोळे असे व्हायचे की मी आतून खदखदायचो. दिवसाला शंभर नावं मी लिहून देत होतो. माझ्याकडे तिनं एकदा तरी तसं बघितलं होतं का?

मग आबांचा हात थरथरायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार मात्र नाही. आबांनी ब्रश धुतले, तेल लावून कागदात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता रस्ता मोकळा झाला असं मी मनाशी म्हटलं.

चैत्रात चोपड्याकडचे कौतिकनाना दुकानात आले. केळीवाले शेतकरी, आबांचे जुने गिऱ्हाईक. त्यांची बायको सुंदरबाई मागच्या वर्षी वारली. नानांनी अमळनेरच्या वेल्डिंगच्या कारखान्यात ट्रॅक्टरची नवी ट्रॉली बांधायला टाकली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा गडी, सालदार, नव्यानं लागतो, त्या दिवशी ट्रॉली जुंपायची होती, आणि मागच्या फळीवर नाव पाहिजे होतं. एकच शब्द, सुंदरबाई. तोही वना पेंटरच्या हातचा.

कुंदनभाऊ म्हणाले, नाना, रेडियमचं कापून देतो, दोन तासांत होईल. नाना म्हणाले, रेडियम उन्हानं निघतं, आणि ते नसतं निघालं तरी नको. मग त्यांनी स्टुलावर बसून कारण सांगितलं. जुन्या ट्रॉलीवर हे नाव आबांनीच रंगवलं होतं. सुंदरबाईला वाचता येत नव्हतं. आबांना चहा द्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, यातलं माझं काय आहे? आबांनी सगळीच अक्षरं दाखवली, पण तिला शेवटचा ई आवडला. त्याच्या डोक्यावरून मागे गेलेल्या फटकाऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली होती, हा माझा पदर. त्यानंतर बाजारात चाळीस ट्रॉल्या उभ्या असल्या तरी ती त्या ई वरून आपली ट्रॉली ओळखायची. ती ट्रॉली पुढं गंजली आणि भंगारात गेली. तेव्हा फोटो काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

आबा तिथंच होते. त्यांनी थरथरता हात दुसऱ्या हाताखाली दाबला आणि हो म्हणून टाकलं. हात असा असताना त्यांनी जुन्या गिऱ्हाइकाला शब्द दिला. नाना गेल्यावर मेघा त्यांच्यावर चिडली.

आठ दिवस ते घरी पुठ्ठ्यावर लिहून बघत होते. एकही पुठ्ठा त्यांनी कुणाला दाखवला नाही, सगळे चुलीत घातले. हे मेघानं कुंदनभाऊंना सांगितलं. आबांचा शब्द खाली पडायची वेळ आली होती. त्यांना हाताच्या दुखण्यापेक्षा तेच जास्त लागलं होतं.

अखेर एका दुपारी तिनं मला दाबलं.

मी हरखलो. माझं नाव फ्लेक्सवर नाही, लोखंडावर जाणार, वर्षानुवर्षं राहणार. मेघानं 'सुंदरबाई' टाइप केलं. एकेक फाँट लावून बघितला, बावीस तरी झाले असतील. जाड केला, बारीक केला, तिरका केला. सवयीनं लाल कड आणि सावलीही दिली, मग काढून टाकली. मी जीव ओतला. तसं वळण मी आजवर कुणासाठी घेतलं नव्हतं.

आबा स्टुलावरून उठून पडद्याजवळ आले.

"नाव बराबर शे, बेटा," ते म्हणाले. "पन हाई कोनीबी बाईनं नाव वाटस."

कुठल्याही बाईचं नाव नानांना नको होतं. मेघानं ते खोडलं. एक बटण दाबलं आणि मी गेलो.

मग तिनं मोबाइल कॉम्प्युटरला जोडला आणि आबांच्या पाट्यांचे फोटो उघडले. 'सुलक्षणा शिवणक्लास' मधला सु घेतला. 'रसवंती' मधून र घेतला आणि तिथलाच अनुस्वार उचलून सु वर ठेवला. द एका दवाखान्याचा, बा एका बालवाडीच्या भिंतीवरचा. कापायला कोण? लॅसो. माझे दोन्ही वैरी एकत्र आले आणि मी बाजूला बसून बघत राहिलो.

फक्त ई मिळेना. मेघाला आठवलं, गांधलीपुऱ्याकडच्या एका मिठाईच्या दुकानावर आबांची पाटी होती. ती धावत गेली आणि हात हलवत परत आली. पाटी नव्हती. दुकानावर पिवळ्या अक्षरांचा, लाल कडेचा फ्लेक्स लागला होता, आणि खालची पत्र्याची पाटी मालकानं भंगारात दिली होती.

तो फ्लेक्स मी लिहिला होता. दोन वर्षांपूर्वी, याच खुर्चीसमोर. 'मिठाई' चा ई उमटवताना मी किती फुशारलो होतो ते मला अजून आठवतं. त्या दुपारी मात्र तोंड लपवायला जागा असती तर मी लपवलं असतं.

मेघानं शेवटचा इलाज म्हणून मला दाबलं आणि एकच अक्षर टाइप केलं. ई. मी मनातून हात जोडले. एवढं एक तरी माझं राहू दे. तिनं माझा ई थोडा रुंद केला, खाली ओढला, आबांच्या चार अक्षरांशेजारी ठेवला. पंगतीत अनोळखी पाहुणा बसावा तसा तो दिसत होता. मलाही ते कळलं. तिनं मला खोडलं तेव्हा मी रागावलो नाही.

तिनं पिशवीतून ब्रश काढला. घरून सकाळीच आणला असावा. पार्सलचा कागद टेबलावर पसरला, रंग कालवला आणि ब्रश आबांसमोर धरला. आबांनी मान हलवली. असं अक्षर गावात जायला नको म्हणाले.

"आबा, एकच अक्षर," मेघा म्हणाली. "माले येत नही."

आबांनी ब्रश घेतला. मी त्या ब्रशचं इतकं ऐकलं होतं आणि बघत होतो पहिल्यांदाच. लहानसा, दांड्यावरचा रंग उडालेला. ई लिहायला त्यांना बराच वेळ लागला. खालचं वळण कसंबसं जमलं. वरचा फटकारा ओढताना हात आवरेना, आणि रेघ थरथरत, लहरत मागे गेली. आबांनी ब्रश खाली ठेवला आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मेघानं ते अक्षर स्कॅन करून नावाला जोडलं. कुंदनभाऊ म्हणाले, ती वरची रेघ जरा गुळगुळीत करून टाक, कोणाला कळणार आहे. मेघानं सुरुवात केली. दोन लहरी सरळ झाल्या. मग तिचा हात थांबला. तिनं मागे जायचं बटण दोनदा दाबलं आणि दोन्ही लहरी परत आणल्या. माझ्यासाठी कधी कुणी असं केलं नाही. माझी चूक राहू द्यावी असं कधी कुणाला वाटलं नाही. मी पुन्हा जळलो, पण या वेळी त्यात थोडं रडूही होतं.

पुढचं मी मेघाच्या तोंडून ऐकलं. नाव खऱ्या मापाचं छापून तिनं कडेनं सुईनं भोकं पाडली. हा पेंटर लोकांचा खाका. तो ट्रॉलीच्या फळीवर लावून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, की लोखंडावर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून रंग मेघानं भरला, आयुष्यात पहिल्यांदा. आबा शेजारी डबा धरून बसले होते. ई ची लहर तिनं ठिपका न् ठिपका तशीच ठेवली.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना ट्रॉली न्यायला आले. आबांनी आधीच सांगून टाकलं, हात पोरीचा आहे, ई तेवढा माझा, आणि तो हलला आहे. पटत नसेल तर पुसून देतो. नाना फळीजवळ गेले आणि सुंदरबाई ठेवायची तसं त्या फटकाऱ्यावर बोट ठेवून शेवटपर्यंत नेलं.

"हाऊ तिनाच पदर शे, वना," ते म्हणाले. "वारामा असाच हाले."

मेघा हे सांगत होती तेव्हा कुंदनभाऊंनी चष्मा काढून पुसला. मी काय पुसणार? मी नुसता लुकलुकत राहिलो.

ती फाइल अजून या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्या ई च्या थराला, म्हणजे तो ज्या पारदर्शक पानावर आहे त्याला, मेघानं 'आबा' असं नाव दिलंय आणि बारीकसं कुलूप लावलंय. मला तिथं शिरता येत नाही. मला धरून कुणी त्या अक्षरावर क्लिक केलं तर त्याच्यावर एक नवा कोरा थर उघडतो, आणि मी त्या कोऱ्या जागेत उभा राहतो. खाली तो ई, वर मी. जळणं संपलं असं मी म्हणणार नाही. स्वभावाला औषध नसतं.

पण परवा एक गोष्ट घडली. बेबाबाई नावाची एक म्हातारी केळीच्या वेफर्सच्या पुडीवर नाव छापून घ्यायला आली. मेघानं मला दाबून नाव लिहिलं आणि सवयीनं लाल कड द्यायला गेली. मग थांबली. तिनं म्हातारीला बसवलं, चहा सांगितला, वेफर्स कसे तळतेस विचारलं, आणि तिच्याकडे बघत बघत माझी अक्षरं एकेक करून सरकवायला लागली. इथं जरा जागा, तिथं जरा कमी. शेवटच्या ई च्या आधी तिनं थोडी जास्त जागा सोडली, त्याला मागे हात टाकायला मोकळीक मिळावी म्हणून. म्हातारी म्हणाली, बाई, एका नावाला एवढा वेळ?

तुम्हीही कधीतरी मला हातात घ्याल. लग्नपत्रिका असेल, दुकानाची पाटी असेल, कुणाला वाहिलेली श्रद्धांजली असेल. हात जोडून सांगतो, कड आणि सावली मागाहून द्या. आधी ते नाव कुणाचं आहे तेवढं विचारा.

मेघानं त्या दिवशी पाव तास लावला. त्या पाव तासात मी कुणावरही जळलो नाही.