भिंतीवरचा आलेख

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत सकाळपासून कुणी धड बसलं नव्हतं. तपासण्यांचे अहवाल वॉर्डांत पोचवणारा जावा सर्व्हर धापा टाकत होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सीपीयूच्या वापराची लाल रेघ शंभर टक्क्यांना चिकटली होती.

"काल हिचा कोड चढला, आज हा घोळ," साहेब येरझारा घालत म्हणाले. "काढा तो. आणि हिला परत टेस्टिंगला बसवा."

नवी प्रोग्रामर मुलगी स्क्रीनवरून वळली. उन्हाळाभर खपून लिहिलेला तिचा पहिलाच कोड होता तो.

"आधी रिस्टार्ट मारू," पलीकडचा सहकारी म्हणाला. त्याला सर्दी झाली तरी हाच उपाय सुचेल, म्हणून सगळे त्याला रिस्टार्टदादाच म्हणत.

"दादा, नको! दोनदा मारलात, दोनदा रेघ परत शंभरावर गेली. पुरावा तेवढा पुसला जातो."

"अगं बाई, घर पेटलंय आणि तुला पंचनामा सुचतोय?"

"सर, थोडा वेळ द्या. माझीच चूक निघाली तर मीच काढते."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "पटकन."

सर्व्हरच्या पोटात एकाच वेळी शेकडो कामं चालतात. प्रत्येक कामाचा एक थ्रेड. सर्वांत जास्त सीपीयू खाणाऱ्या थ्रेडचे क्रमांक तिने उतरवून घेतले आणि कोण काय करतंय याचा डम्प, म्हणजे त्या क्षणाची नोंद, काढला. जरा थांबून आणखी एक. एका फोटोवरून माणूस पळतोय की उभा आहे ते कळत नाही. दोन्ही डम्पमध्ये ती स्वतःचं फंक्शन शोधत होती.

ते नव्हतंच. सगळे खादाड थ्रेड एकाच ठिकाणी अडकलेले: दिवसभराच्या नोंदी पुन्हा पुन्हा मोजून आलेख काढण्यात.

आलेख? तिने मान वर केली. भिंतीवर तोच. दादाच्या दोन्ही मॉनिटरवर तोच, साहेबांच्या हातातल्या फोनवरही तोच, दर सेकंदाला सर्व्हरकडून नव्याने मागवला जाणारा.

"सर, हे आलेखाचं पान आणखी कुणाकडे उघडं आहे?"

"सगळ्या वॉर्डांना मीच पाठवलं काल. म्हटलं, नवा कोड आहे, डोळ्यांत तेल घालून बसा."

"तेच तेल आगीत पडतंय, सर. सर्व्हर मंदावला की प्रत्येकजण हे उघडून बसतो, आणि तो आणखी मंदावतो. रिस्टार्टनंतर पानं आपोआप परत चालू. बंद करायला सांगा सगळ्यांना."

"म्हणजे डोळे मिटून बसायचं?"

"हो."

दादाने हसू दाबत आपल्या दोन्ही मॉनिटरवरची पानं मिटली. साहेबांनी वॉर्डांना निरोप धाडला, फोनवरचं पान बंद केलं, शेवटी भिंतीवरचंही बंद करून पडदा काळा केला. तिच्या टर्मिनलवरचा आकडा रेंगाळला, नव्वदीवर आला, मग भराभर उतरत विशीत स्थिरावला.

"राहू दे तिचा कोड," साहेब म्हणाले. पुढच्याच क्षणी त्यांचा अंगठा फोनकडे वळला. "खरंच उतरलंय का, एकदाच बघतो..."

"सर!" ती आणि दादा एकदम ओरडले.