तिसरा थेंब

पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घरची माणसं होडीवर बसतो. दुसऱ्या दिवशी होडी किनाऱ्यावर ओढायची असते. भाकरी, सुके बोंबील आणि ताडी, एवढाच बेत. पिण्याआधी माझे मालक दर्यात थेंब सोडतात आणि दर्यानं ठेवून घेतलेल्या घरच्या माणसांची नावं घेतात. पहिला थेंब त्यांच्या बापाचा, दुसरा चुलत्याचा. जिवंत माणसाचं नाव तिथं चुकूनही घ्यायचं नाही.

माझा दीपेश दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या होडीवर गेला तो आला नाही. होडी सापडली, बाकीच्या दोघांची प्रेतं सापडली, दीपेश नाही. मग तो गेला कशावरून? दिवस घाला म्हणणाऱ्या भाऊबंदांना मी दारातून हाकललं. अजूनही वाणगावच्या बाजारात त्याच्यासारखी पाठ दिसली की मी माशांची टोपली टाकून धावते. लोक वेडी म्हणतात. म्हणोत, त्यांच्या बापाचं काय जातं? मागच्या वर्षी मालकांनी दोनच थेंब सोडले, तेव्हा मी देवाचे आभार मानले होते.

यंदा ताडीऐवजी वाईन होती. आमची लेक सुषमा बोर्डीकडे चिकूची वाईन करतात तिथं कामाला आहे. तिनं बाटली आणली, वर तीन काचेचे ग्लासही आणले.

"चिकू खायचा सोडून पितात कसले? पैसेवाल्यांचे चोचले!" मी म्हटलं.

"आई, चाखून तर बघ."

थेंब सोडायच्या आधीच मी चोरून घोट घेतला. गोड होती, घशातून उतरताना गरम लागली. खाडीवर वारा सुटला होता, होडी हलकेच डुलत होती. मला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

मालक होडीच्या काठाशी उभे राहिले. बोटं ग्लासात बुडवून त्यांनी बापाचं नाव घेतलं. मग चुलत्याचं. मी भाकरी वाढायला घेतली, तर त्यांची बोटं पुन्हा ग्लासात गेली.

"दीपेशचे बाबा!" मी ओरडले. "हात मागं घ्या. माझ्या पोराला मारू नका!"

त्यांनी हात मागं घेतला नाही, पण थेंबही सोडला नाही.

"जयवंती," ते म्हणाले, "बाबांना मिळतं, काकांना मिळतं. आपला पोर त्यांच्या पंगतीत रिकामा बसतो. मागच्या वर्षीही बसला. अजून किती वर्षं बसवायचा?"

मला भांडायचं होतं. तोंडात शिव्याही आल्या होत्या. पण डोळ्यांसमोर तो दिसला, दोघा म्हाताऱ्यांच्या शेजारी, मान खाली घालून. लहानपणी लग्नाच्या जेवणात वाढपी त्याला विसरून पुढे गेला, की असाच बसायचा. मागून घ्यायचा नाही.

मालकांनी डोळे मिटले. "दीपेश," ते म्हणाले आणि बोटं झटकली. एवढासा थेंब, पाण्यात दिसलादेखील नाही.

सुषमा रडायला लागली. मी उठले, काठाशी गेले आणि माझा भरलेला ग्लास अख्खा दर्यात ओतला.

"थेंबानं काय होणार त्याचं?" मी म्हटलं. "दोन वर्षं खाऱ्या पाण्यात आहे. तहानलेला असेल माझा पोर."