भिंतीवरचं रान

“सूनबाई, फूल काढत बसायचं नसतं. रंग टेकवायचा, हात उचलायचा.”

मामंजी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उरलेल्या रंगात त्यांनी मला हे शिकवलं होतं. ते गेले, डबे माळ्यावर राहिले.

यंदा वन्सं शिडीवरून पडल्या. शाळेत पोरांना पळायला शिकवणारी बाई, पण हाड जुळलं तरी पाऊल टाकेना. डॉक्टर म्हणाले, पाय बरा आहे, भीती बरी व्हायचीय. पलंगाला लागून कोरी भिंत. दिवसभर तिच्याकडे बघत पडायच्या. तिच्यावर फुलांचं रान रंगवायचं ठरवून मी डबे खाली उतरवले.

सकाळचं नामस्मरण हा माझा नेम. ते होईतो मी बोलत नाही. म्हटलं, दोन्ही एकदम होऊ दे. एक नाव, एक टिपका. तांबडा, पिवळा, जांभळा. वन्संना आयतीच मुकी वहिनी सापडली.

“वहिनी, भिंतीला गोवर आलाय.”

मी टिपका टेकवला.

“हा पिवळा थेट दिव्याच्या बटणावर गेला. पुसा की.”

मी मान हलवली. नाव घेऊन ठेवलेला टिपका पुसायचा कसा?

“बरं, ह्यात मला फुलं दिसली, तर चालत जाऊन तुम्हाला चहा करून देईन. शब्द आहे माझा.”

रान भरलं त्या दिवशी वन्संनी भिंतीला नाक लावून पाहिलं. “डागच आहेत हो,” त्या हळू म्हणाल्या. या वेळी त्यात चेष्टा नव्हती.

माझं तोंड उतरलं. आणि मग मामंजींचं विसरलेलं अर्धं वाक्य आठवलं: “आणि लांब जाऊन बघायचं.” मी तर पलंगाला खेटून रंगवलं होतं.

“वन्सं, हे दारातून बघायचं असतं.”

“मग दार इकडे आणा.”

मी हात पुढे केला. पावलापावलाला मला, शिडीला आणि डॉक्टरांना नावं ठेवत त्या दारापर्यंत आल्या, वळल्या.

“डोळे जरा किलकिले करा.”

त्यांनी डोळे बारीक केले. भिंतभर रान वाऱ्यानं कलल्यासारखं दिसत होतं.

“ते बटणावरचं बघा,” त्या म्हणाल्या, “सगळ्यांच्या आधी उमललंय.”

त्यांनी माझा हात सोडला. वाटलं, आता पलंगाकडे वळतील. पण भिंतीचा आधार घेत, लंगडत त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.